डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या: टिकाऊ उपाय कोणता? बोटॉक्स, लेझर की नुसतं क्रीम?

पाऊलवाट | २ जून, रात्री १०:४१

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

मी ४७ वर्षांची, नाशिकला शाळेत पीटी शिकवते, म्हणजे २२ वर्षं मैदान आणि ऊन. गेल्या महिन्यात भाचीचा साखरपुडा झाला, फोटो ग्रुपवर आले आणि ज्या ज्या फोटोत मी हसतेय त्यात डोळ्यांच्या कडेला नुसतं जाळं. माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्यापेक्षा ६ वर्षांनी मोठ्या, आयुष्यभर सावलीत बसून शिवणकाम केलंय त्यांनी, त्यांच्या चेहऱ्यावर एक रेघ नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणे फोटोग्राफरचा लाइट चुकला. बरं बाबा.

तर लग्न डिसेंबरात आहे. एका क्लिनिकात जाऊन आले, तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, काउन्सेलर म्हणून एक मुलगी होती तिने ६ सिटिंगचं पॅकेज सांगितलं, ४५,००० रुपये, आणि 'रिझल्ट परमनंट आहे मॅम, लाइफटाइम'. नक्की काय करणार विचारलं तर म्हणाली अँटी-एजिंग प्रोटोकॉल. अगं पण प्रोटोकॉल म्हणजे सुई की क्रीम की मशीन, ते काही सांगेना. आज पैसे भरले तर १० टक्के सूट हे मात्र तीनदा सांगितलं.

कुणी केलंय का काही? दर चार महिन्यांनी पळायला नको, एकदा केलं की निदान काही वर्षं बघायला लागू नये, असं काही खरंच असतं का? स्वानुभव असेल तर प्लीज लिहा.

चहाटपरी | २ जून, रात्री ११:०५

इंग्रजीत याला कावळ्याचे पाय म्हणतात. आपण पितृपक्षात तासन् तास वाट बघतो, दही काय भात काय, तेव्हा येत नाही मेला, आणि इथे न बोलावता डोळ्यापाशी येऊन पाय उमटवून गेलाय. हलके घ्या.

जुईचा_वेल | २ जून, रात्री ११:३२

चहाटपरी, हाहा.

पाऊलवाट, मी गेली तीन वर्षं बोटॉक्स घेतेय, पुण्यात. तुझा परमनंटचा प्रश्न आधी निकालात काढते, बोटॉक्स ३ ते ४ महिने टिकतं, संपलं. मला तिसऱ्या महिन्यात हसताना एखादी रेघ दिसायला लागते आणि चौथ्यात सगळं पूर्वीसारखं. सुई दिल्यावर तिसऱ्या चौथ्या दिवशी फरक जाणवतो आणि दोन आठवड्यांनी पूर्ण, त्यामुळे लग्नाच्या आदल्या आठवड्यात जाऊ नकोस, निदान महिनाभर आधी घे म्हणजे काही कमीजास्त वाटलं तर दोन आठवड्यांनी परत दाखवता येतं.

माझ्याकडून युनिटप्रमाणे पैसे घेतात, ३५० रुपये युनिट, दोन्ही डोळ्यांना मिळून १६ ते २० युनिट लागतात मला. हिशोब कर वर्षाचा. दुखतं मुंगी चावल्यासारखं. एकदा डावीकडे छोटा काळानिळा डाग पडला होता, आठवडाभर राहिला, सासूबाईंना सांगितलं कपाटाचं दार लागलं. अजून माहीत नाही त्यांना. दिवाळीत म्हणाल्या हल्ली तू शांत दिसतेस.

गुळपोळी_तूप | ३ जून, सकाळी ७:१५

एवढे पैसे!!! अगं रात्री झोपताना बदामाचं तेल चोळ, अंड्याचा पांढरा बलक आठवड्यातून दोनदा, आणि काकडीच्या चकत्या. माझी आजी ९१ वर्षांची होऊन गेली, एरंडेल सोडून काही लावलं नाही.

साल_पापुद्रा | ३ जून, दुपारी २:५०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर. इथं कुणाला तपासत नाही आणि औषध लिहून देत नाही, पण हे 'लाइफटाइम' वाचून राहवलं नाही. सरळ सांगतो बघा. सुरकुत्यांवर लाइफटाइम रिझल्ट कुठंच नसतो, कारण वय थांबत नाही. जो माणूस लाइफटाइम म्हणतो त्याला नमस्कार करून बाहेर पडायचं.

आता तुमची रेघ कुठल्या जातीची आहे ते आधी बघायला लागतंय. खिडकीसमोर आरसा घ्या, चेहरा एकदम ढिला सोडा, हसू नका. डोळ्याच्या कडेची रेघ गेली का? गेली तर ती स्नायूच्या हालचालीनं पडणारी रेघ. डोळ्याभोवती गोल पसरलेला स्नायू असतो, आपण हसतो किंवा उन्हात डोळे बारीक करतो तेव्हा तो आखडतो आणि वरच्या कातडीला चुण्या पडतात, धोतराला पडतात तशा. यावर बोटॉक्स काम करतंय, कारण ते त्या स्नायूला येणारा निरोपच अडवतं. पण न हसतासुद्धा रेघ तशीच दिसत असेल तर चुणीची आता घडी झालीय. तिथली कातडी आतून झिजलीय, त्याला बोटॉक्स अर्धंच पुरतं, तिथं ट्रेटिनॉइनचं क्रीम किंवा लेझर लागतं. आणि तिसरा प्रकार, कातडी सैल होऊन पापणीवर लोंबते, ते ऑपरेशनचं काम.

बहुतेकांना पहिले दोन मिसळून असतात. आणि क्लिनिकात डॉक्टर न भेटता पॅकेज विकत असतील तर हे कुणी बघितलंच नसणार, बरोबर ना?

गुळपोळी_तूप, बदाम तेलानं नुकसान काही नाही, कातडी ओलसर राहिली की बारीक रेघा तेवढ्यापुरत्या कमी दिसतात. एरंडेलचंही तेच. अंड्याचा पांढरा बलक वाळला की ताणल्यासारखं वाटतं, तोंड धुतलं की गेलं. चोळणं मात्र बंद करा, पापणीची कातडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास असते, शरीरात सगळ्यात पातळ.

पाऊलवाट | ३ जून, रात्री ९:२०

डॉक्टर, धन्यवाद! आत्ता खिडकीपाशी नाही पण ट्यूबलाइटखाली बघून आले. उजवीकडच्या दोन रेघा न हसता पण दिसतात, डावीकडच्या जातात. असं एका बाजूला जास्त का असेल? मी उजव्या कुशीवर झोपते म्हणून?

साल_पापुद्रा | ३ जून, रात्री १०:०२

असू शकेल. पण तुम्ही गाडी चालवता का रोज?

पाऊलवाट | ३ जून, रात्री १०:०६

हो! शाळा २३ किलोमीटरवर आहे, रोज जाऊन येऊन. पण काच बंद असते, एसी लावून.

साल_पापुद्रा | ३ जून, रात्री १०:३०

उन्हात न दिसणारे दोन प्रकारचे किरण असतात, यूव्हीबी आणि यूव्हीए. काचेनं यूव्हीबी अडतं, ज्यानं कातडी करपते. यूव्हीए बरंचसं बाजूच्या काचेतून आरपार येतंय आणि कातडी आतून पोखरायचं काम तेच करतं. २०१२ साली अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो वैद्यकीय मासिकात छापून आला होता, माणूस ६९ वर्षांचा, २८ वर्षं ट्रक चालवलेला. चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा वीस वर्षांनी म्हातारी वाटावी अशी. तिकडं ड्रायव्हर डावीकडं बसतो, खिडकी डावीकडं. आपल्याकडं उजवी बाजू. माझ्या ओपीडीत एसटीचे चालक आले की मी आधी उजवा गाल बघतो.

लांबचा_प्रवासी | ४ जून, पहाटे ५:४०

ब्रिस्बेनहून लिहितोय, विषय जवळचा आहे कारण इकडे ऊन म्हणजे ऊन नाही, शिक्षा आहे. माझ्या घरापासून उत्तरेला साधारण १०० किमीवर नॅम्बोर म्हणून गाव आहे, तिथल्या लोकांवर सनस्क्रीनचा अभ्यास झालेला. ५५ वर्षांखालची ९०३ माणसं घेतली, अर्ध्यांना सांगितलं रोज लावा, अर्ध्यांना सांगितलं तुम्हाला वाटेल तेव्हा लावा, आणि साडेचार वर्षं पाहिलं. हाताच्या मागच्या बाजूच्या कातडीचे सिलिकॉनचे ठसे घेऊन मोजलं. रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी म्हातारी झाली. २०१३ ला छापून आला तो अभ्यास. आणि गंमत म्हणजे सनस्क्रीन काही भारी नव्हतं, एसपीएफ (ऊन अडवण्याच्या ताकदीचा आकडा) १५ च्या पुढचं साधंच.

मी स्वतः इथे येऊन १४ वर्षं झाली, पहिली ५ वर्षं 'आपण काळे, आपल्याला काय होतंय' म्हणत काढली. आता कपाळ बघून बायको म्हणते नांगरलेलं शेत.

विक्षिप्त_वाचक | ४ जून, सकाळी ११:१०

मला एक कळत नाही, बोटॉक्स हे विष आहे ना? बोट्युलिझम नावाचा जीवघेणा रोग ज्या जंतूने होतो त्याचंच. डोळ्याशेजारी विष टोचून घ्यायचं हे ऐकूनच मला कसंतरी होतं.

(अवांतर पण त्याचा इतिहास भन्नाट आहे. १८२० च्या दशकात जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाचा डॉक्टर होता, कवीही होता, त्याने खराब सॉसेज खाऊन मरणाऱ्या लोकांचा अभ्यास केला, लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात त्यावरूनच हे नाव. त्याने तेव्हाच लिहून ठेवलं की थोड्या प्रमाणात हे औषध होईल. मग दीडशे वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिरळेपणावर वापरलं, १९८९ ला त्याला अमेरिकेत मान्यता. आणि व्हँकुव्हरमध्ये जीन करुथर्स म्हणून नेत्रतज्ज्ञ, त्यांच्याकडे पापण्या सारख्या फडफडण्याचा आजार असलेली एक बाई येत असे, १९८७ ला ती तक्रार करायला लागली की या खेपेला भुवयांमध्ये सुई का नाही दिली, तिथे दिलं की चेहरा कसा निवांत दिसतो. करुथर्सबाईंचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ! त्यांना रात्री जेवताना सांगितलं आणि मग आपल्याच रिसेप्शनिस्टला पहिली सुई. म्हणजे हे सगळं मुळात डोळ्यांच्याच दवाखान्यातून आलंय.)

साल_पापुद्रा | ४ जून, दुपारी ३:१५

वा, विक्षिप्तभाऊ, आमच्या लेक्चरपेक्षा बरं सांगितलं.

विष आहेच, पण सगळा खेळ मात्रेचा. डोळ्याच्या कडेच्या रेघांसाठी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध खात्यानं, २०१३ ला मान्यता दिली, त्यात दोन्हीकडं मिळून २४ युनिट धरलीत. आपल्याकडं बरेच डॉक्टर कमीत भागवतात, जुईचा_वेल यांचं १६-२० त्यातलंच. मात्र एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे, म्हणून नुसत्या आकड्यावरून भाव करू नका. बाटली आपल्यासमोर फोडा म्हणायचं, नाव आणि बॅच नंबर बघायचा, यात लाजायचं काही नाही. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, स्नायूंचा मायस्थेनियासारखा आजार असलेल्यांनी घ्यायचं नाही. सुई जरा खाली गेली तर गालाचा स्नायू ढिला पडून हसू वाकडं होतं, ते आपोआप सुटतं पण दोन तीन महिने आरसा बघवत नाही. म्हणून पार्लरमध्ये, किटी पार्टीत, मैत्रिणीच्या मैत्रिणीकडं अजिबात नको. डॉक्टर त्वचारोगातला एमडी किंवा डीडीव्हीएल (पदविका) आहे का, नाहीतर प्लास्टिक सर्जन आहे का, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, एवढं विचारा.

जास्त टिकणारं एक नवीन आलंय, डॅक्सी नावानं सुरू होतं, अमेरिकेत २०२२ ला मान्यता मिळाली, साधारण ६ महिने जातं. पण ती मान्यता भुवयांमधल्या रेघांसाठी, डोळ्यांच्या कडेसाठी नव्हे.

तिसरी_घंटा | ४ जून, रात्री ११:५५

मी हौशी रंगभूमीवाला, राज्य नाट्य स्पर्धेत २० वर्षं तोंड रंगवतोय, वय ५२. एक सहकलाकार आहे, नाव नको, तिने हे करून घेतलं आणि तालमीत मी तिच्यासमोर उभा, प्रसंग असा की मुलगा परत आलाय आणि आई हसते. ओठ हसले. डोळे आले नाहीत. दिग्दर्शक म्हणतोय पुन्हा, पुन्हा, तिलाही कळेना काय चुकतंय. चार महिन्यांनी प्रयोगाच्या वेळी उतरलं होतं तर तोच प्रसंग असा झाला की विंगेतले लाइटवाले रडले.

तर डॉक्टर, कावळ्याचे पाय काढले की हसूही जातं का?

साल_पापुद्रा | ५ जून, दुपारी १:४०

भारी निरीक्षण आहे. द्युशेन म्हणून फ्रेंच डॉक्टर होता, त्यानं १८६२ ला हेच मांडलं की ओठांचा स्नायू आपण ठरवून हलवू शकतो, डोळ्याभोवतीचा मात्र मनापासून आनंद झाला तरच आखडतो. खऱ्या हसण्याला अजून त्याचंच नाव आहे. तेव्हा पूर्ण गोठवलं तर हसू अर्धं होणारच. कमी मात्रेत दिलं तर रेघ मऊ होते आणि डोळे हसायचे राहतात. नट, शिक्षक, कीर्तनकार, यांनी 'कमी द्या' असं आधीच सांगावं. कमी पडलं तर दोन आठवड्यांनी वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही.

बाभूळकाटा | ५ जून, दुपारी ४:०५

मी यवतमाळची, ६३. सारं वाचलं. मले एक सांगा बाई, काऊन एवढा खटाटोप? आमच्याकडे कपाशी वेचणाऱ्या बायांच्या तोंडावर पस्तिशीतच जाळं होते, कोणी विचारत नाही. लग्न भाचीचं आहे का तुमचं?

जुईचा_वेल | ५ जून, दुपारी ४:३०

काकू, कुणी विचारत नाही म्हणून त्या बायांना आरशात बघून काही वाटत नाही असं थोडंच आहे. केस रंगवलेले चालतात, दात बसवलेले चालतात, रेघ घालवली की लगेच 'लग्न तुमचं आहे का'. माझे पैसे, माझा डोळा.

बाभूळकाटा | ५ जून, संध्याकाळी ६:५०

केस मी बी रंगवतो. बरं राहिलं.

आंबटगोड | ६ जून, रात्री ९:००

इथे एक लिहायलाच हवं, कुणी तरी वाचेल. मी बोटॉक्सच्या खर्चाला घाबरून मेडिकलवाल्याला विचारलं की डोळ्याखाली काळं आणि रेघा आहेत काय लावू, त्याने एक ट्यूब दिली, खूप खपते म्हणाला. आणि खरंच आठ दिवसांत चेहरा असा उजळला की मी बहिणीला पण दोन ट्यूबा पाठवल्या. वर्षभर लावली. नंतर कधी नाही लावली तर आग आग, लाल, आणि कातडी इतकी पातळ की डोळ्याखालच्या निळ्या शिरा दिसायला लागल्या, रेघा आधीपेक्षा जास्त. शेवटी डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, त्यात स्टेरॉइड होतं. डोळ्याचं प्रेशर पण तपासायला लावलं, सुदैवाने नॉर्मल निघालं. सुटायला ७ महिने लागले. बहिणीला तेव्हाच फोन करून बंद करायला लावली, तिने जावेला दिली होती म्हणे!!

साल_पापुद्रा | ६ जून, रात्री १०:१०

हे वरच्या सगळ्या चर्चेपेक्षा महत्त्वाचं आहे. डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड अशी तिघांची एकत्र क्रीमं मिळतात, ती ठरावीक डागांवर, ठरावीक आठवड्यांसाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायची असतात. गोरं होण्याचं क्रीम म्हणून ती घरोघर गेलीत. २०१८ पासून चिठ्ठीशिवाय अशी स्टेरॉइड क्रीमं विकायला मनाई आहे, पण काउंटरवर काय चालतंय ते आंबटगोड यांनी लिहिलंच आहे. डोळ्याजवळ स्टेरॉइड दीर्घकाळ लावलं तर काचबिंदूपर्यंत जाऊ शकतं. ट्यूबवर नावाच्या शेवटी 'सोन' असलं की थांबा, मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन वगैरे, थोडं पुढेमागे होतं पण सोन-लोन दिसलं की विचारा.

मीठभाकर | ७ जून, सकाळी १०:२५

लेझरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी दोन वर्षांपूर्वी फ्रॅक्शनल सीओटू लेझर केलं, ठाण्यात, तीन सिटिंग दीड दीड महिन्याने. रेघा खरंच कमी झाल्या, अंदाजे निम्म्या, आणि दोन वर्षांनी अजूनही तशाच कमी आहेत. म्हणजे टिकण्याच्या बाबतीत हेच सगळ्यात बरं म्हणेन मी. पण! पहिल्या सिटिंगनंतर पाच सहा दिवस चेहरा भाजक्या वांग्यासारखा, ऑफिसला सुट्टी, आणि दुसऱ्या सिटिंगनंतर डोळ्यांच्या बाजूला तपकिरी चट्टे आले ते जायला ५ महिने लागले. रेघा गेल्या आणि चष्म्याच्या आकाराचा डाग आला, घरात मला पांडा म्हणायचे. माझी पण चूक होती, गणपतीत दुपारच्या मिरवणुकीत गेले होते टोपी न घालता.

साल_पापुद्रा | ७ जून, दुपारी २:००

आपल्या सावळ्या कातडीचं हेच दुखणं. सुरकुत्या गोऱ्या लोकांपेक्षा उशिरा येतात हा फायदा, पण जरा कुठं भाजलं चोळलं की काळा डाग राहतो. लेझरनं कातडीत हजारो बारीक छिद्रं पडतात, मधली कातडी शाबूत राहते, ती भरून येताना आत नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला ताठ ठेवणारं प्रथिन, तयार होतं, हे काम ३ ते ६ महिने चालू राहतं. म्हणून टिकतं. आपल्याकडं मात्र शक्ती कमी ठेवून, सिटिंग वाढवून, उन्हाळा टाळून करावं लागतं. मैदानात शिकवणाऱ्या बाईंना मी लेझर सुचवताना दहादा विचार करीन.

ऑपरेशनचंही सांगून टाकतो, कुणीतरी विचारणारच. वरच्या पापणीची लोंबती कातडी काढली तर ते अनेक वर्षं टिकतं, पण कडेच्या कावळ्याच्या पायांना ते काही करत नाही. पैसे भरून नंतर हे कळलेले पेशंट बघितलेत मी. आणि डोळ्याखालचा खड्डा फिलरनं (कातडीखाली टोचायच्या जेलनं) भरतात ते वेगळं प्रकरण. तिथं चुकून रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाण्याचा धोका असतो, फार क्वचित, पण असतो. फिलर विरघळवायचं इंजेक्शन हाताशी ठेवलंय का एवढं तरी विचारावं.

पाऊलवाट | ७ जून, रात्री १०:४५

बापरे. पांडा नको, वाकडं हसू नको, शिरा नको. मग ते ट्रेटिनॉइन? त्याबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही.

जुईचा_वेल | ७ जून, रात्री ११:२०

मी लावते ना, बोटॉक्सच्या जोडीला. स्वस्त आणि मस्त पण संयम पाहिजे. पहिले सहा आठवडे पापुद्रे निघतात, नाकाच्या बाजूला तर पाल कात टाकते तसं. फरक दिसायला ४ ते ६ महिने. डॉक्टरांनी मला कमी ताकदीचं, ०.०२५ टक्के, आठवड्यातून दोन रात्री असं सुरू करायला लावलं. आधी मॉइश्चरायझर, मग अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं, मग परत मॉइश्चरायझर. डोळ्याच्या अगदी जवळ नाही, हाडाची कड बोटाला लागते तिथपर्यंतच, वरच्या पापणीवर अजिबात नाही.

साल_पापुद्रा | ८ जून, दुपारी १:१५

बरोबर लिहिलंय. भर एवढीच घालतो की हे मुळात मुरुमांचं औषध. फिलाडेल्फियातल्या क्लिगमन यांच्याकडं मुरुमांसाठी लावणाऱ्या मध्यमवयीन बायका सांगायला लागल्या की डॉक्टर, कातडी गुळगुळीत झालीय. त्यावर १९८६ ला त्यांचा अभ्यास आला, १९९५ ला बारीक सुरकुत्यांसाठी मान्यता. (याच क्लिगमननी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले म्हणून त्यांचं नाव खराबही आहे, ते एक वेगळंच पुराण.) चाळीस वर्षं होत आली, सुरकुत्यांवर चोळायच्या औषधांत याच्याइतका पुरावा दुसऱ्या कशाला नाही. पण चिठ्ठीचं औषध आहे, गरोदरपणात नको, डोळे कोरडे असतील तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरला विचारायचं. रात्रीच लावायचं, दिवसा सनस्क्रीन नसेल तर लावूच नका. आणि सोडलं की हळूहळू परत.

चहाटपरी | ८ जून, दुपारी १:२२

म्हणजे टिकाऊ उपाय असा की तो रोज करायचा. हे तर भांडी घासण्यासारखं झालं.

पाऊलवाट | २१ जून, रात्री ९:५०

अपडेट. ४५ हजारवाल्या क्लिनिकचे अजून फोन येतात, आता १५ टक्के सूट. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, वयस्कर बाई आहेत, २० मिनिटं बोलल्या. आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'चाळिशी लागली का?' मी म्हटलं नाही हो, दिसतं मला. त्यांनी मोबाइल हातात दिला, वाचा म्हणाल्या. मी हात लांब केला, मान मागे घेतली आणि डोळे बारीक केले. त्यांनी समोर आरसा धरला. बघा, हे तुम्ही दिवसातून कितीदा करता?

मंडळी मला इतकी लाज वाटली. दोन वर्षं मी चष्मा टाळत होते म्हातारी दिसेन म्हणून, आणि न लावून त्याच रेघा कोरत होते. वर मैदानात गॉगल नाही, 'पीटी टीचर गॉगल घालून कशी दिसेल' म्हणून.

तर ठरलंय असं: वाचायला चष्मा, मैदानात गॉगल आणि टोपी, एसपीएफ ५० दर तीन तासांनी, रात्री ट्रेटिनॉइन आठवड्यातून दोनदा. बोटॉक्सचं नोव्हेंबरच्या सुरुवातीला बघू म्हणाल्या. फी ७००.

बाभूळकाटा | २१ जून, रात्री १०:१५

गॉगल घाला बाई बिनधास्त. चांगल्या दिसान.

पाऊलवाट | १८ डिसेंबर, रात्री ११:३०

धागा वर काढतेय. लग्न झालं, छान झालं. बऱ्याच जणींनी माझ्या विचारपूस पानावर विचारलं म्हणून लिहिते.

ट्रेटिनॉइनने पहिल्या दोन महिन्यांत मला रडवलं. श्रावणात सत्यनारायणाच्या पूजेला तोंडाचे पापुद्रे निघत होते आणि गुरुजी विचारत होते कांजिण्या झाल्या का. मग आठवड्यातून एकदावर आणलं, सप्टेंबरपासून पुन्हा दोनदा, आता तीनदा झेपतं. डावीकडच्या बारीक रेघा बऱ्याच मऊ झाल्यात. उजवीकडच्या दोन आहेत, पण आता न हसता जेमतेम दिसतात. रंग एकसारखा झाला हे सगळ्यांनी आधी ओळखलं, रेघांचं कुणी बोललंच नाही. ८ नोव्हेंबरला बोटॉक्स पण घेतलं, १२ युनिट फक्त, तिसरी_घंटा यांची गोष्ट सांगून 'कमी द्या' म्हटलं, डॉक्टर हसल्या.

फोटो आले परवा. मी पाठवणीच्या वेळी रडतेय आणि हसतेय असा एक आहे, त्यात रेघा आहेत, पण जाळं नाही. नवरा म्हणे या वेळी लाइट बरा होता.

परत घेईन का बोटॉक्स, माहीत नाही. मार्चमध्ये उतरेल तेव्हा बघू. सनस्क्रीन मात्र सुटणार नाही, एवढंच की दोन बोटांवर मावेल इतकं चेहरा-मानेला लावायचं म्हणतात ते रोज लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरसुद्धा पुरत नाही आणि घाम आला की पांढरे ओघळ येतात, पोरं मला गणपतीच्या वर्गणीची मूर्ती म्हणतात. घामात न ओघळणारं, पांढरं न दिसणारं आणि ५०० च्या आतलं कुणाला माहीत आहे का?

लांबचा_प्रवासी | १९ डिसेंबर, पहाटे ४:५५

जेलवालं घ्या, क्रीम नको. आणि ट्यूबवर वॉटर रेझिस्टंट ८० मिनिटं असं लिहिलेलं बघा, नुसतं स्वेटप्रूफ लिहिलेलं नको. इकडे क्रिकेट अंपायर तेच लावतात.

चहाटपरी | १९ डिसेंबर, सकाळी ८:१०

माझ्या बायकोने हा धागा वाचून माझ्या बाइकच्या डिकीत सनस्क्रीन ठेवलंय. आधी तिथे मावा असायचा.